लाल दोऱ्याची बाटली

आमच्या घरी सकाळी देवाच्या दिव्याआधी स्पिरिटचा दिवा लागते. ते माह्या साखरेसाठी. मी उकंडराव, बुलढाण्याच्या कोर्टातला बेलिफ, आता रिटायर. सारी जिंदगी लोकाईच्या दारावर समन्स चिकटवले, त्याईच्या शिव्या खाल्ल्या, त्याईचे कुत्रे अंगावर घेतले. पेन्शनीत आलो अन् म्हटलं आता निवांत बसू, तं मधुमेह निघाला. डॉक्टर म्हणे, साखर बंद, गूळ बंद, भात बंद, आंबा बंद. मी म्हटलं, मंग मलेच बंद करून टाका एकदाचं. डॉक्टर हासले, तानू नाही हासली.

तानू म्हणजे तानुबाई, माही बायको. त्या दिवशी घरी येऊन तिनं गुळाची ढेप उचलली अन् शेजारच्या बेबीताईच्या घरी नेऊन दिली. रेशनची साखर आली की तेही तिलेच. वर स्वतः गोड सोडलं. नुसतं सोडलं असतं तं मी चार दिवसांत मोडून काढलं असतं, पण तिनं चिखलीच्या रेणुकादेवीले नवस बोलून सोडलं. म्हणे, याईच्या लघवीत साखर दिसायची थांबन, मंगच मी तोंड गोड करीन. मी म्हटलं, अवं, आजार माहा, अन् उपास तुहा काऊन? ती म्हणे, तुमच्याच्यानं तं होणार नाही, मंग घरातल्या कोणीतरी केला पाहिजे.

खरं बोलली, म्हून मले राग आला.

तर सकाळचा कार्यक्रम असा. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत मी माही लघवी धरायची अन् मोरीच्या कट्ट्यावर ठेवायची. तानू काचेच्या नळीत बेनेडिक्टचं निळं पाणी घ्यायची, त्यात माहे आठ थेंब सोडायची, अन् चिमट्यानं धरून दिव्यावर उकळायची. पाणी निळं राह्यलं तं साखर नाही. हिरवं झालं तं थोडी आहे. मंग पिवळं, मंग नारिंगी, अन् विटेसारखं लाल झालं तं बोलायची सोयच नाही. माहं कधी हिरवं, कधी पिवळं. निळं कधीच नाही. मंग ती मले सुई टोचायची. बाई चौथी शिकलेली, पण हात असा हलका की दवाखान्यात दुसऱ्यानं टोचलं की मी ओरडायचो.

अन् भुरी. भुरी आमची मांजर, अंगानं मातीच्या रंगाची अन् स्वभावानं माह्यासारखी, म्हणजे कोणाचं ऐकणारी नाही. आम्हाले लेकरू नाही. त्याच्यावर मी काही बोलत नाही, पण तानू भाकरी कालवून पहिला घास भुरीले ठेवायची, दुसरा मले. एका उन्हाळ्यात ही भुरी पाणी प्यायले लागली. मांजर कधी इतकं पाणी पिते का? पाण्याच्या नांदीत तोंड घालून बसायची. खाय बी लई, अन् पाठीचे मणके वर आले. परसात चुलीच्या राखेचा ढीग होता, ती तिथंच जायची. एक दिवस तानू राख भरायले गेली अन् तशीच परत आली.

"आवो," म्हणे, "भुरीले तुमचं झालं."

"माहं काय झालं?"

"राखेले मुंग्या लागल्या."

मी इतका हासलो की खोकला आला. हिनं मात्र जुनी लांब दांड्याची पळी घेतली अन् सकाळभर मांजरीच्या मागं फिरली. भुरी बसली की हिची पळी खाली. शेवटी मिळाले आठ थेंब. दिव्यावर धरलं तं विटेसारखं लाल. मंग मी हासायचं बंद केलं.

ढोराईच्या दवाखान्यातले डॉक्टर तेव्हा एका बैलाच्या खुरात हात घालून बसले होते. मांजरीले साखर म्हटल्यावर त्याईनं हात पुसला, आमच्याकडे पाह्यलं, मंग नळीकडे पाह्यलं. टिंगल केली नाही, हे मी मानतो. आत जाऊन जाडजूड पुस्तक काढलं, पानावर बोट फिरवत बसले. म्हणे, मी आजवर असं केलं नाही, पण साहेबांच्याच इन्सुलिनमधून दोन युनिट द्या. रोज तपासा. अन् एक गोष्ट ध्यानात ठेवा बाई, माणसाची साखर कायमची असते, पण मांजरीची कधीकधी आपोआप निघून जाते. निळं येऊ लागलं की सुई थांबवायची अन् नुसतं तपासत राहायचं. निळ्यावर सुई दिली तं साखर पार उतरन. झोकांड्या खाईन, झटके येतीन, मरूनही जाईन. तसं काही दिसलं की आधी तोंडात साखरेचं पाणी.

तानूनं सारं मनात लिहून घेतलं. घरी आल्यावर तिनं भुरीच्या बाटलीच्या गळ्याले लाल दोरा बांधला. माही बाटली बिनदोऱ्याची. कट्ट्यावर दोन्ही शेजारी शेजारी. मी म्हटलं, काय दिवस आले, कोर्टातला माणूस अन् मांजर एका रांगेत. ती म्हणे, रांगेत मांजर पुढं आहे.

अन् खरंच पुढं गेली. भुरीचं लाल गेलं, पिवळं आलं, पिवळ्याचं हिरवं झालं, अन् पोळा यायच्या आत एके सकाळी पाणी निळंच्या निळं राह्यलं. तानूनं सुई थांबवली. दुसऱ्या दिवशी निळं, तिसऱ्या दिवशी निळं. भुरीच्या अंगावर मास आलं, नांद सोडली, उंदराकडे पाहू लागली. तानू त्या नळीकडे अशी पाहायची, जशी लोकं आपल्या पास झालेल्या पोराच्या मार्कलिस्टकडे पाहतात. मंग माही नळी उकळायची. पिवळी. एकदाच बोलली, "मुक्या जिवाले जमलं."

सांगतो खरं, मले त्या मांजरीचा हेवा वाटला. साठीतला माणूस मी, अन् राखेवर मुतणाऱ्या जनावराचा हेवा.

त्यातच ईद आली. रोहिणखेडचा गुलजार माहा जुना दोस्त. समन्स घेऊन त्या भागात गेलो की माहा मुक्काम त्याच्याच घरी असायचा. घाट उतरून एसटीनं गेलो. तानूनं निघताना सांगतलं, नुसतं गळा भेटून या. मी हो म्हटलं. गुलजारच्या घरी त्याच्या बायकोनं, चांदबीनं, शीरखुर्म्याची वाटी पुढं केली, वर चारोळी, खजूर, तूप. मी म्हटलं, वहिनी, मले मनाई आहे. गुलजार म्हणे, "काऊन बे उकंड्या, सालभरात एक दिन त येतोस. एक वाटीनं काय मरतोस?" एक वाटी खाल्ली. मंग कोणी आग्रह केला नसताना मीच वाटी पुढं सरकवली. मंग अजून एक.

सकाळी जीभ टाळूले चिकटलेली. बाटली भरली अन् हातात धरून मोरीत उभा राह्यलो. आज ही विटेसारखी येणार, हे मले दिव्याविनाच दिसून राह्यलं होतं. तानू विचारन, काय खाल्लं? अन् ती माह्यासाठी इतके वर्ष बिनसाखरेचा चहा पिऊन राह्यली. कट्ट्यावर भुरीची बाटली उभी होती, लाल दोऱ्याची, आतमध्ये निळी येणारी लघवी. मी दोरा सोडला अन् माह्या बाटलीच्या गळ्याले बांधला. बस, एक दिवस, म्हटलं. उद्यापासून कडक.

मी देवापुढं बसल्याचं सोंग करून ऐकत होतो. दिव्याचा आवाज, चिमट्याचा आवाज. मंग पावलाईचा आवाज. ती दारात आली, नळी उजेडाकडे धरून. "आवो," म्हणे, "निळी आहे." परत नळीकडे पाह्यलं. "तुमची निळी आहे." अन् ती रडली. मी बायकोले रडताना कमी पाह्यलं आहे. तिचा बाप गेला तेव्हा, अन् त्या सकाळी. मी म्हटलं, बरं बरं, त्यात काय रडायचं. एवढंच माह्या तोंडून निघालं.

मंग तिनं दुसरी नळी उकळली, अन् तोंड पडलं. भुरीची साखर परत आली होती. "पाह्य व माय," ती मांजरीले म्हणे, "एकाचं गेलं अन् एकाचं आलं." अन् सुई काढली. दोन युनिट.

तेव्हाच बोलायले पाहिजे होतं. एक वाक्य होतं. पण मी तोंड उघडेपर्यंत ती बेबीताईले सांगून आली होती, बेबीताईनं गल्लीले सांगतलं होतं, अन् दुपारच्या गाडीनं दोघी चिखलीले निघाल्या बी. देवीची ओटी भरून आल्या. संध्याकाळी बेबीताईनं गुळाची पोळी आणून दिली. तानू माह्यासमोर पाटावर बसली, पोळीचा तुकडा मोडला, अन् डोळे मिटून खाल्ला. लहान पोरीसारखी हळूहळू चावत होती. म्हणे, चवच विसरली होती मी. मी भाकरी खाऊन राह्यलो होतो, तो ताट सारून हात धुवायले उठलो.

दुसऱ्या दिवशी मोरीत गेलो तेव्हा मनात पक्कं होतं की आज दोरा जागच्या जागी. पण बाहेर ती गाणं गुणगुणत होती, अन् ओवीत माहं नाव घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदा. मी दोरा बदलला. तिसऱ्या दिवशी मनात काही ठरवलंच नाही, हातानं आपोआप बदलला. सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरनं पहिलेच सांगून ठेवलं होतं की निळी येऊ लागली तं साहेबांचा डोस उतरवा, म्हून तिनं माहा डोस उतरवला. भुरीचा चढवला. दोनाचे तीन, तिनाचे चार. ढोराईच्या डॉक्टरले विचारावं म्हटलं तं ते गावोगाव लस टोचत फिरून राह्यले होते. निळ्यावर सुई दिली तं मरन, हे त्याईचं बोलणं मले पाठ होतं. मले समजत नव्हतं असं नाही, सारं समजत होतं. म्हून मी काय करायचो, तर तेवढीच तिची साखर टिकन म्हून तानूची नजर चुकवून भुरीले दुधाची वाटी सरकवायचो. कोर्टात खोट्या साक्षी देणारे लोक मी जवळून पाह्यले. ते बी घरी जाताना देवळात नारळ फोडायचे. मी त्याईच्यातलाच.

अन् एक दिवस भुरीनं दूध प्यायलं नाही.

तानू तिले सुई देऊन भांडे घासायले बसली होती. मी ओसरीवर. भुरी घरातून निघाली ती वाकडी चालत, मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे. खांबाले धडकली. तशीच आडवी पडली अन् मान मागं ओढून पाय झाडू लागली. डोळे उघडे, पण पाहत कुठंच नव्हते. तानू राखेच्या हातानं धावत आली, तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"चढली हिची साखर," ती म्हणे. "सकाळी किती लाल आली होती. सुई कमी पडली माह्याकडून." अन् उठली, सुई घ्यायले.

मी म्हटलं, "साखरेचं पाणी दे तिले."

"काय बोलता? लाल आली म्हणते न मी."

"डॉक्टरनं सांगतलं नव्हतं का, झटके आले तं साखर?"

"ते निळ्यावर. लालवर साखर देऊन मारता का तिले?" तिचं खरंच होतं. तिनं डोळ्यानं पाह्यलेलं होतं. जगात एकच माणूस होता ज्याले ते खोटं माहीत होतं, अन् तो ओसरीवर धोतर सावरत उभा होता.

मी म्हटलं, "थांब, मी डॉक्टरले घेऊन येतो." वहाणा घातल्या. फाटकापर्यंत गेलो, कडी काढली. डॉक्टर गावात नाहीत हे मले माहीत होतं, तानूले बी माहीत होतं, पण घाबरल्यात तिच्या ध्यानात आलं नाही. मी डॉक्टरले आणायले नव्हतो निघालो, मी पळून जाऊन राह्यलो होतो. परत येईन तोवर मांजर मेलेली असन, अन् मेलेल्या मांजरीची बाटली कोणी तपासत नाही. हे सारं त्या कडीवर हात असताना माह्या मनात आलं, माह्याच मनात आलं, दुसऱ्या कोणाच्या नाही. मले माह्या अंगाची किळस आली.

मागं वळलो तं तानू सुई भरून भुरीजवळ बसली होती. मानेची कातडी चिमटीत धरलेली.

"तानू, टोचू नोको," मी म्हटलं. "दोरा मी बदलला. लाल येते ते माही आहे. निळी भुरीची आहे. तिची साखर कधीच परत आली नाही."

तिनं माह्याकडे पाह्यलं. मांजर तडफडून राह्यली होती. तिनं सुई खाली ठेवली. "बेबीताईकडून साखर आणा," म्हणे. आमच्या घरात दाणा नव्हता. मी तसाच धावलो. बेबीताईनं विचारलं कोणासाठी, मी म्हटलं दे पहिले. मूठभर साखर घेऊन आलो तोवर तानूनं वाटीत पाणी कोमट करून ठेवलं होतं. ती बोट बुडवायची अन् भुरीच्या हिरड्यांवर चोळायची. परत बुडवायची, परत चोळायची. मी वाटी धरून बसलो. पहिले पाय झाडायचे थांबले. मंग मान सैल पडली, अन् मले वाटलं गेली. मंग तिची जीभ हलली अन् तानूचं बोट चाटू लागली.

भुरी उठून बसेपर्यंत ऊन अंगणात आलं होतं. तानू तिले भाकरी-दूध चारत होती. मी वाट पाहून राह्यलो होतो, आता शिव्या देईन, आता भांडं फेकन. तिनं खाली पाहूनच विचारलं, "कधीपासून?"

"ईदपासून."

"पहिल्या निळीपासून?"

"हो."

तिनं भुरीच्या पाठीवरून हात फिरवला. "मंग मी देवीले काय सांगून आली?"

मी म्हटलं, "मले शिव्या दे व, तानू. काहीतरी बोल." ती म्हणे, "हात धुवून जेवून घ्या." संध्याकाळी चहा ठेवला तो बिनसाखरेचा. पण आता तो नवसाचा नव्हता. नवस तं फिटला होता. कायचा होता, ते मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून मी सुधारलो. आता सुधारलो म्हणायले बी लाज वाटते, पण सुधारलो. भात सोडला, चोरून खाणं सोडलं, रोज सकाळी घाटाच्या माथ्यापर्यंत पायी जाऊन येऊ लागलो. गुलजार एकदा घरी आला, चांदबीनं डब्यात काहीतरी दिलं होतं, ते मी न उघडता वापस केलं. तो म्हणे, नाराज झाला का बे? मी म्हटलं, तुह्यावर नाही रे. तानूनं माहा डोस पहिल्यासारखा केला. बाटल्या कट्ट्यावरच ठेवायची, लाल दोऱ्याची अन् बिनदोऱ्याची, लपवली एकही नाही. लपवली असती तं बरं झालं असतं. भुरीचं रोज निळं. सुई नाही, काही नाही, नुसतं तपासायचं. माहं लालचं नारिंगी झालं, मंग पिवळं. हिवाळाभर हिरवं.

अन् काल सकाळी मी मोरीतून निघून देवापुढं बसलो नाही, तिच्याजवळच उभा राह्यलो. तिनं माहे थेंब टाकले, नळी दिव्यावर धरली. उकळी आली. पाणी निळंच राह्यलं. मी वाट पाह्यली, अजून उकळलं, अजून निळं. एका थेंबाची लबाडी नव्हती त्यात. देवाशपथ, माह्या जिंदगीतली ती पहिली खरी निळी.

तानूनं नळी उजेडाकडे धरली. मंग कट्ट्यावरच्या लाल दोऱ्याकडे पाह्यलं. मंग माह्याकडे.

"माहीच आहे व," मी म्हटलं.

"असन," ती म्हणे. नळी मोरीत रिकामी केली, धुवून उपडी ठेवली, अन् डोस न उतरवता पुरा भरून आली. बाही वर केली अन् दंड पुढं केला.